तिरसट डॉक्टर आणि तुसडा डॉक्टर

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. अमेरिकेतील ‘बेकर’ ही विनोदी मालिका पाहून तुम्हाला पुण्याच्या पेठेत दवाखाना चालवणाऱ्या एका चिडक्या डॉक्टरची मराठी मालिका सुचली आहे. पहिल्या भागाचा मसुदा तुम्ही काही मित्रांना वाचून दाखवला, तेव्हा डॉक्टरच्या टोमण्यांवर कोणी फारसे हसले नाही आणि ‘हा माणूस आवडत नाही’ असेच बहुतेकांनी सांगितले. म्हणून त्याचा चिडकेपणा किती कमी करावा, असे तुम्ही विचारता. मसुद्यातील तीन प्रसंगही तुम्ही दिले आहेत. गुडघेदुखी घेऊन आलेल्या आजींच्या वजनावर डॉक्टर शेरे मारतो, आजारपणाचे खोटे सर्टिफिकेट मागणाऱ्या तरुणाला हाकलून देतो, आणि दुपारी एक वाजला म्हणून तापलेले बाळ घेऊन आलेल्या आईच्या तोंडावर शटर ओढतो.

मी लेखिका नाही. १९८८ पासून नाना पेठेत माझा दवाखाना आहे, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ, आणि वस्तीत माझी ओळख ‘त्या ओरडणाऱ्या बाई’ अशी आहे. मालिकेचे तंत्र मी सांगू शकणार नाही. मात्र डॉक्टर कशामुळे चिडतो आणि त्याची बोलणी खाऊनही माणसे त्याच्याकडेच परत का येतात, हे मी इतकी वर्षे टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे, आणि तुमची अडचण तिथेच आहे असे मला वाटते.

माझ्या मते तुमच्या डॉक्टरचा चिडकेपणा जास्त झालेला नाही, तो वेगळ्याच प्रकारचा झाला आहे. आपल्या भाषेत या स्वभावांना निरनिराळे शब्द आहेत आणि लिहिणाऱ्याने ते नीट वापरावेत. फटकळ माणूस मनात आलेले तोंडावर बोलून मोकळा होतो. तिरसट माणसाला पुष्कळ गोष्टी खटकतात आणि त्या खटकल्याचे तो लपवत नाही. तुसड्या माणसाला समोरचा माणूस मुळात नकोच असतो. बेकर तिरसट आहे, फटकळही आहे, पण तुसडा नाही. तुमचा डॉक्टर पहिल्या आणि तिसऱ्या प्रसंगात तुसडा होतो, आणि तुसडेपणा निम्मा केला तरी प्रेक्षकाला तो तुसडेपणाच जाणवणार.

‘बेकर’ सीबीएस वाहिनीवर नोव्हेंबर १९९८ ते जानेवारी २००४ या काळात सहा पर्वे चालली आणि तिचे १२९ भाग झाले. टेड डॅन्सन यांनी रंगवलेला डॉ. जॉन बेकर हार्वर्डमध्ये शिकलेला, दोनदा घटस्फोट झालेला, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात साध्या माणसांसाठी दवाखाना चालवणारा आहे. शहर, शेजारी, नियम, लोकांचा अविचार या सगळ्यांवर त्याची बडबड अखंड चालू असते. ती आपण ऐकून घेतो, कारण एक गोष्ट त्याच्या पहिल्या वाक्याच्या आधीच घडून गेलेली असते. एवढ्या मोठ्या ठिकाणी शिकलेला माणूस पैसा असलेल्या भागात न जाता इथे येऊन बसला आहे आणि उद्याही इथेच बसणार आहे. तुमचा डॉक्टर पेठेत का बसला आहे, याचे उत्तर मसुद्यात ‘वडिलांची जागा होती’ एवढेच आहे. जागा वडिलांची होती, हे खरे असू शकते, पण ती विकून तो कधीच औंध-बाणेरला जाऊ शकला असता, आणि तो का गेला नाही हे प्रेक्षकाला शब्दांत नसले तरी कृतीत दिसायला हवे.

आता राग कशाचा, ते सांगते. आमच्या दवाखान्यात एक शब्दप्रयोग दिवसातून दहा वेळा कानावर पडतो, तो म्हणजे ‘अंगावर काढले’. ताप तीन दिवस अंगावर काढला, खोकला महिनाभर अंगावर काढला, छातीत दुखत होते ते गॅस समजून रात्रभर अंगावर काढले. क्षयाची औषधे साधारणपणे सहा महिने घ्यावी लागतात. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते, आणि बरे वाटले म्हणून रुग्ण गोळ्या बंद करतो. तो पुन्हा खोकत येतो तेव्हा त्याच औषधांना जंतू दाद देतील याची खात्री राहिलेली नसते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात आला की ‘नॉर्मल आला, म्हणून बंद केल्या’ असे सांगणारे तर रोजचेच. विषाणूच्या सर्दीतापाला प्रतिजैविकांचा उपयोग नसतो हे समजावून पाठवलेला माणूस वाटेत मेडिकलच्या दुकानातून तीच गोळी घेतो, आणि तीही दोन दिवसच खातो. डॉक्टरचा खरा राग इथे उगवतो. जे टळू शकले असते ते झालेले असते आणि त्याच्यापर्यंत ते उशिरा पोहोचलेले असते.

पण तेवढ्यावर थांबलात तर उपदेश करणारा डॉक्टर तयार होईल, आणि तो विनोदी मालिकेला पेलणार नाही. याची दुसरी बाजू अशी की माणसे दुखणे उगाच अंगावर काढत नाहीत. टिंबर मार्केटमधील हमाल माझ्याकडे सकाळी नंबर लावून बसला की त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला साडेबाराच्या आत मोकळीक मिळत नाही. हे मला माहीत असते, तरीही मी त्यांना रागावते, आणि रागावता रागावताच मला कळत असते की माझा राग या माणसावर नाही, ज्या गोष्टीवर आहे ती या खोलीत नाही, आणि समोर बसलेला म्हणून तो ऐकून घेतो आहे. तिरसट डॉक्टरची सगळी गंमत आणि सगळे दुःख या एका ठिकाणी आहे. पुढचे शंभर प्रसंग तुम्हाला इथूनच मिळतील.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ती मला एका आजींनी शिकवली. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून इथले तपशील मी बदलले आहेत.) वीस वर्षे त्या माझी बोलणी खात आल्या होत्या, लोणच्यावरून, मिठावरून, विसरलेल्या गोळ्यांवरून. एका सकाळी त्यांचे पोट तपासताना माझ्या हाताला गाठ लागली. मी त्यांना हात धरून उठवले, खुर्चीवर बसवले, आणि संध्याकाळी मुलाला बरोबर घेऊन या, एवढेच सांगितले. त्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘बाई, आज ओरडला नाहीत. काय निघालं?’

त्या दिवशी मला समजले की माझ्या ओरडण्याची वस्तीने एक खूण करून ठेवली आहे. बाई ओरडताहेत तोवर काळजीचे कारण नाही. बाई हळू बोलू लागल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या, बाहेरच्यांना थांबायला सांगून त्यांनी पडदा नीट लावला, की समजायचे. तुमच्या हातात बावीस-तेवीस मिनिटे असतील तर डॉक्टरच्या आवाजाची ही चढउतार संवादांपेक्षा अधिक काळजीने लिहा. पहिल्या तीन भागांत तो फक्त ओरडू द्या, म्हणजे प्रेक्षकालाही त्याची सवय होईल. चौथ्या भागात एकदाच, एका वाक्यापुरता, आवाज खाली येऊ द्या. समजावून काहीच सांगू नका, प्रेक्षकाला कळेल.

हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या दिवसांत माझ्याकडे साधी शिंक आलेला माणूसही तोंडाला रुमाल बांधून येत होता. एरवी ‘एवढ्यासाठी आलात?’ असे ज्यांना मी विचारले असते, त्यांतल्या एकालाही मी त्या महिन्यात वेडेवाकडे बोलले नाही, कारण ती माणसे घाबरलेली होती. तिरसट डॉक्टर हलगर्जीपणावर, खोटेपणावर, हट्टावर तुटून पडतो. माणसाच्या भीतीवर आणि गरिबीवर तो बोट ठेवत नाही, आणि शरीराच्या ठेवणीवर तर नाहीच नाही. तुमच्या पहिल्या प्रसंगात कोणी हसले नाही, याचे कारण हेच आहे.

इथे माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते, कारण चिडक्या डॉक्टरच्या गोष्टींत हा भाग सहसा गळतो. दवाखाना सुरू होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काम करणारे एक गृहस्थ मधुमेहाच्या गोळ्या चुकवत होते. एकदा बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना बोलले. त्यानंतर ते दर महिन्याला वेळेवर येऊ लागले, गोळ्या नियमित घेतो म्हणून सांगू लागले, आणि माझ्या बोलण्याचा परिणाम झाला असे मी समजले. प्रत्यक्षात ते खोटे सांगत होते, कारण खरे सांगितले असते तर पुन्हा चारचौघांत ऐकावे लागले असते. पुढे त्यांच्या तळव्याला जखम झाली. मधुमेहात पायाची संवेदना गेली की जखम दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. लक्ष गेले तेव्हाही त्यांनी ती हळद लावून घरीच बांधली. अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यांच्या पत्नी मला नंतर म्हणाल्या, ‘तुम्ही रागवाल म्हणून दाखवलं नाही.’

त्या वाक्यानंतर मी रागावणे सोडले नाही, पण त्याची जागा बदलली. जी गोष्ट सांगायला माणसाला धीर गोळा करावा लागतो, ती त्याने सांगितल्यावर त्याच क्षणी रागवायचे नाही, आणि चारचौघांत तर कधीच नाही, हे बंधन मी स्वतःला घालून घेतले. प्लायवुडचे पार्टिशन काढून भिंत बांधून घेतली. तुमच्या मालिकेत डॉक्टरच्या तिरसटपणाची किंमत एखाद्या रुग्णाला मोजावी लागते आणि डॉक्टरला ते कळते, असा एक भाग असायलाच हवा. तो मालिकेच्या मध्यावर यावा. त्याआधी आला तर प्रेक्षक डॉक्टरला सोडून देतील, आणि फार उशिरा आला तर तो केवळ शेवटासाठी जोडलेला वाटेल.

वस्तीविषयी माझे मत तुम्हाला कदाचित पटणार नाही. तुम्ही सदाशिव पेठ निवडली आहे, आणि तिच्याबरोबर पाट्या, दुपारची झोप, मोजके बोलणे असे तयार विनोद आपोआप आले आहेत. ते विनोद पुणेकरावर आहेत, डॉक्टरवर नाहीत. ब्रॉन्क्सचा विचार करायचा असेल तर कष्टाने राबणारी, निरनिराळ्या धर्मांची आणि भाषांची माणसे एका बाकावर बसतील अशी पेठ निवडा, म्हणजे नाना, भवानी, गणेश, रास्ता. आमच्या भागात आषाढी वारीच्या वेळी दोन्ही पालख्या मुक्कामाला येतात, ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दिवसांत दवाखान्यात सुजलेली पावले, फुटलेले फोड, जुलाब आणि कणकण यांचीच रांग असते. सत्तरीच्या एका वारकऱ्याच्या पायाची अवस्था पाहून मी ‘आता एक पाऊलही चालायचे नाही’ म्हणून बजावले होते. ते ऐकून घेत होते आणि मी बोलत असतानाच माझे हात पुढच्या दोन आठवड्यांहून अधिक वाटेला पुरेल एवढे ड्रेसिंगचे सामान पिशवीत भरत होते, कारण ते चालणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. असा प्रसंग तुम्हाला पाट्यांमध्ये सापडणार नाही.

डॉक्टरभोवतीची माणसे मात्र तुम्ही चांगली योजली आहेत. ‘बेकर’मध्ये दवाखान्यात मार्गारेट नावाची परिचारिका आहे, आणि बाहेर रेजीचे छोटे उपाहारगृह आहे, जिथे वर्तमानपत्रे विकणारा अंध जेक भेटतो. ही माणसे डॉक्टरशी बरोबरीने बोलतात, त्याला सुनावतात. तुमच्याकडे समोरचे अमृततुल्य आहे, ते योग्यच आहे. कंपाउंडरला मात्र अधिक काम द्या. माझ्याकडे पंचवीस वर्षे एक कंपाउंडर काका होते. सुरुवातीला मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापून चिकटवण्याचे काम तेच करत. त्यांचे खरे काम वेगळे होते. माझी बोलणी खाऊन बाहेर आलेला प्रत्येक रुग्ण खिडकीशी थांबून हळूच विचारायचा, ‘बाई नक्की काय म्हणाल्या?’ आणि काका तेच सगळे मऊ शब्दांत पुन्हा सांगायचे. एकच निदान दोनदा, दोन आवाजांत ऐकू येते, यातून जो विनोद निर्माण होईल तो कोणाला दुखावणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. मालिका रोजची असेल तर मी हा विषय घेऊ नका असे सुचवेन, कारण ‘बेकर’चे सहा पर्वांतले १२९ भाग आठवड्याला सहा या गतीने पाच महिन्यांत संपतील, आणि रोज संध्याकाळी तोच राग पाहून माणसे कंटाळतील. डॉक्टरचे वय महत्त्वाचे आहे. पासष्टीच्या डॉक्टरचे बोलणे वस्ती ऐकून घेते, तिशीतल्याचे घेत नाही. डॉक्टर स्त्री असेल तर सगळेच बदलते. माझ्याच रस्त्यावर माझ्याइतकेच ओरडणारे एक डॉक्टर होते, त्यांना लोक ‘कडक, पण मनाने चांगले’ म्हणत, आणि मला पहिली दहा वर्षे ‘खाष्ट’ म्हणत. तुम्ही या शक्यतेचा एकदा विचार करावा अशी माझी मनापासून सूचना आहे. काळही ठरवा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्या, आणि डॉक्टरांवरील हल्ल्यांमुळे २०१० मध्ये महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. आजचा तरुण डॉक्टर रागावण्याऐवजी तपासण्या लिहून देतो, कारण ते अधिक सुरक्षित आहे. माझ्या पिढीचा मोकळा राग त्याला परवडणारा नाही, आणि त्याच्या या गप्प राहण्यावरही एक चांगला भाग लिहिता येईल.

एक विनंती वैद्यकीय बाजूची. तुमच्या मसुद्यात डॉक्टर दोन रुग्णांना तापासाठी ‘सुई’ देतो आणि एकाला अशक्तपणासाठी सलाईन लावतो. लोक हे पाहून उद्या आमच्याकडे तेच मागतील. तुमच्या डॉक्टरला त्या सुईलाच नकार देऊन भांडू द्या. ते भांडण आमच्याकडे रोज होते, आणि ते खरोखर रंगते.

आता तुमचे तीन प्रसंग. आजींच्या प्रसंगातून वजन पूर्ण काढून टाका. आजी शेजारणीला लागू पडलेल्या गोळ्या गेले वर्षभर स्वतःच्या मनाने घेत आहेत, असे करा. अशा वेदनाशामक गोळ्यांनी पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्यामुळे डॉक्टरला तुटून पडायला खरे कारण मिळेल. शेजारीणही त्याच बाकावर नंबर लावून बसलेली असेल तर प्रसंग आपोआप वाढेल.

सर्टिफिकेटचा प्रसंग तुमच्या मित्रांनाही आवडला असावा. खोटे सर्टिफिकेट दिल्यास डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरवर वैद्यकीय परिषदेची कारवाई होऊ शकते, म्हणजे त्याचा नकार तत्त्वाचाही आहे आणि व्यवहाराचाही. त्यात मी एवढीच भर घालीन की त्या तरुणाच्या मागोमाग पाठीची शीर दबलेला हमाल आत यावा. त्याला पंधरा दिवस विश्रांतीची खरी गरज आहे आणि डॉक्टर सर्टिफिकेट लिहायला पेन उचलतो, तेव्हा तो विचारतो, ‘हे कोणाला दाखवू?’ रोजंदारीवरच्या माणसाला रजा देणारा कोणी नसतो. त्या दिवशी डॉक्टर पुढच्या चार रुग्णांवर विनाकारण ओरडेल, आणि प्रेक्षकाला ते विनाकारण वाटणार नाही.

शटरच्या प्रसंगात बाहेर आई उभी आहे, बाळाला तीन दिवस ताप आहे, घड्याळात एक वाजून गेला आहे आणि डॉक्टरला एका घरी व्हिजिटला जायचे आहे. ‘तीन दिवस काय करत होता? आणि एक वाजता आठवण झाली?’ असे ओरडत त्याने अर्धे ओढलेले शटर पुन्हा वर ढकलावे, ओरडतच बाळाला टेबलावर घ्यावे, दूध पिते का, लघवी किती वेळा झाली, हे त्याच आवाजात विचारावे. आई सांगते की कामे आटोपून साडेबाराच्या आत निघता येत नाही. तो त्यावर काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजता कंपाउंडर सवयीने शटरला हात घालतो, तेव्हा डॉक्टर केसपेपरमधून मान वर न करता ‘दीडला’ एवढेच म्हणतो. बाहेरच्या पाटीवर वेळ मात्र ‘१० ते १’ अशीच राहू द्या.